आयजीए नेफ्रोपॅथी होतीच, त्यावर आता एएचयूएस : दोन आजार की एकच मूळ?

पानगळ (धागालेखिका)

माझ्या धाकट्या भावाला आयजीए नेफ्रोपॅथी आहे, म्हणजे किडनीच्या गाळण्यांत आयजीए या अँटिबॉडीचे साठे बसण्याचा आजार. निदान जुनं, बायोप्सीने पक्कं झालेलं. क्रिएटिनिन (किडनी बसली की वाढणारा रक्तातला आकडा) १.४ च्या आसपास टिकून होतं, लघवीतून जाणारी प्रथिनं दिवसाला एक ग्रॅमच्या मागेपुढे, रक्तदाबाची गोळी चालू. घसा धरला की लघवी लाल व्हायची आणि थोड्या दिवसांत निवळायची. घरात सगळ्यांनाच त्याची सवय झाली होती.

या वेळी ती निवळली नाही. क्रिएटिनिन ४.६, हिमोग्लोबिन ७.२, प्लेटलेट्स ६२,०००, रक्तदाब १९०/११०. पहिल्या रुग्णालयात सांगितलं की जुना आजारच भडकलाय, स्टिरॉइड सुरू करू. दुसरीकडे हलवल्यावर तिथल्या किडनीच्या डॉक्टरांनी प्लेटलेट्सचा आकडा बघून आधी विचारलं की रक्ताचा स्मिअर, म्हणजे काचेवर पसरलेला थेंब, सूक्ष्मदर्शकाखाली कुणी पाहिलाय का. त्यात तुटलेल्या तांबड्या पेशी दिसल्या. एलडीएच १,४०० च्या वर, हॅप्टोग्लोबिन जवळजवळ शून्य, दोन्ही तांबड्या पेशी फुटत असल्याची खूण; कूम्ब्स निगेटिव्ह, म्हणजे त्या अँटिबॉडीमुळे फुटत नाहीत. अ‍ॅडॅम्ट्स-१३ (गुठळ्या रोखणारं एन्झाइम, टीटीपी या दुसऱ्या आजारात ते फार कमी होतं) चा रिपोर्ट ५८ टक्के. कॉम्प्लिमेंट नावाच्या प्रतिकारयंत्रणेच्या प्रथिनांपैकी सी३ किंचित कमी, सी४ ठीक. रक्तदाब उतरल्यावर आणि प्लेटलेट्स थोड्या वर आल्यावर बायोप्सी झाली. आयजीएचे साठे आहेतच, शिवाय बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या आहेत, म्हणजे टीएमए, थ्रॉम्बॉटिक मायक्रोअँजिओपॅथी. आता फाइलवर लिहिलंय "आयजीए नेफ्रोपॅथीसह एएचयूएस". एएचयूएस म्हणजे अ‍ॅटिपिकल हिमोलिटिक युरेमिक सिंड्रोम, टीएमएचाच एक दुर्मिळ प्रकार.

एकाच माणसाला दोन दुर्मिळ आजार एकदम कसे होतात? की एकानेच दुसऱ्याला आणलं? आणि उपचार नक्की कशावर चालू आहेत? डॉक्टर बोलतात, पण राउंडच्या गडबडीत जे ऐकतो ते घरी येईपर्यंत सांडून जातं. ज्यांनी हे पाहिलंय किंवा ज्यांचा अभ्यास आहे त्यांनी कृपया लिहा. मोठं लिहिलंत तरी चालेल, मी सगळं वाचणार आहे.

रानवाटा

पानगळताई, मी स्वतः एएचयूएसची रुग्ण आहे, फॅक्टर एच या कॉम्प्लिमेंटला आवरणाऱ्या प्रथिनाच्या जनुकात बदल असलेली. सगळ्यात आधी एक विचारते. अ‍ॅडॅम्ट्स-१३ चं रक्त प्लाझ्मा एक्स्चेंज (रुग्णाचा प्लाझ्मा काढून दात्याचा चढवणं) सुरू व्हायच्या आधी घेतलं होतं ना? नंतर घेतलं तर दात्याच्या प्लाझ्मातलं एन्झाइम मोजलं जातं आणि आकडा फसवा येतो. फॅक्टर एचविरुद्धची अँटिबॉडी आणि सी३ यांचंही तेच. जनुकांची तपासणी मागाहून झाली तरी बिघडत नाही.

पानगळ

हो, आधीच घेतलं होतं. प्लाझ्मा त्यानंतर संध्याकाळी सुरू झाला. अँटिबॉडीचं रक्तही त्याच वेळी पाठवलंय, रिपोर्ट यायचाय.

सूक्ष्मदर्शक

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, किडनीच्या बायोप्सी वाचणं हे माझं रोजचं काम. तुमच्या भावाच्या काचपट्ट्या मी पाहिलेल्या नाहीत, त्यामुळे जे लिहितो ते सर्वसाधारण आहे. उपचाराचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच.

बायोप्सीत दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींवर चढलेल्या दिसतात. आयजीए नेफ्रोपॅथीत ग्लोमेरुलसच्या, म्हणजे किडनीतल्या बारीक गाळणीच्या, मधल्या भागात, मेसँजियममध्ये, आयजीए आणि सी३ चे साठे बसतात. इम्युनोफ्लुरोसन्स या चमकत्या रंगाच्या तपासणीत ते चमकतात. टीएमएत साठ्यांना महत्त्व नाही, तिथे रोग रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराचा असतो. अस्तराच्या पेशी सुजतात, सुटतात, खाली दुहेरी कडा दिसू लागते, पोकळीत फायब्रिन आणि प्लेटलेट्सच्या गुठळ्या अडकतात. त्या अरुंद वाटेतून जाताना तांबड्या पेशी चिरल्या जातात. तुमच्या भावाच्या स्मिअरमध्ये दिसल्या त्या याच. प्लेटलेट्स गुठळ्यांत खर्च होतात म्हणून रक्तात कमी, आणि पेशी फुटतात म्हणून एलडीएच वर, हॅप्टोग्लोबिन खाली.

आता "दोन दुर्मिळ आजार एकदम कसे" याबद्दल. आयजीए नेफ्रोपॅथीत टीएमएच्या खुणा वाटतात तितक्या विरळ नाहीत. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका फ्रेंच अभ्यासात १२८ आयजीए रुग्णांच्या बायोप्सी नव्याने तपासल्या, तर ५३ टक्क्यांत ताज्या किंवा जुन्या टीएमएच्या खुणा होत्या. त्यातल्या बहुतेकांना उच्च रक्तदाब होता. पण बायोप्सीत खुणा असणं वेगळं, आणि रक्तात पेशी फुटणं, प्लेटलेट्स कोसळणं, किडनी झपाट्याने बसणं हे पूर्ण चित्र वेगळं. दुसरं खरोखर क्वचित दिसतं.

ग्लोमेरुलसच्या रुग्णात टीएमए दिसला की मी रिपोर्टमध्ये निदान एवढ्यावर थांबवत नाही. कारण शोधा असं लिहितो. संशयित बरेच असतात. अतितीव्र रक्तदाब. औषधं, विशेषतः टॅक्रोलिमस आणि सायक्लोस्पोरिन, ही प्रतिकारशक्ती दाबणारी, जी एफएसजीएस किंवा मेंब्रेनस नेफ्रोपॅथी या ग्लोमेरुलसच्या आजारांसाठीच दिलेली असतात. ल्युपस (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याचा आजार) असेल तर गुठळ्या करणाऱ्या अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडी. शिगा टॉक्सिन हे विष बनवणारे, जुलाब करणारे जंतू. ब१२ च्या चयापचयातला जन्मजात दोष, जो मोठ्या वयातही उघड होऊ शकतो, त्यासाठी होमोसिस्टीन बघावं. हे सगळं गाळून उरतं तेव्हा कॉम्प्लिमेंटवर बोट ठेवायचं.

पानगळ

टॅक्रोलिमस त्याला कधीच नव्हतं. जुलाबही नव्हते. शिगा टॉक्सिनची तपासणी निगेटिव्ह आहे. पण रक्तदाब १९०/११० होता! मग टीएमए रक्तदाबानेच झाला असेल का? की किडनी बिघडली म्हणून रक्तदाब चढला? हे घरी कुणालाच उलगडत नाही.

सूक्ष्मदर्शक

हा या विषयातला सगळ्यात अवघड प्रश्न, आणि नुसत्या काचपट्टीवरून त्याचं उत्तर देता येत नाही. रक्तदाबामुळे झालेला टीएमए आणि कॉम्प्लिमेंटमुळे झालेला टीएमए सूक्ष्मदर्शकाखाली एकसारखे दिसू शकतात. म्हणून बाकीचं बघायचं. डोळ्यांच्या पडद्यावर रक्तस्राव किंवा सूज आहे का, हृदयाची भिंत जाड झालीय का, म्हणजे रक्तदाब किती काळ चढलेला होता. आणि रक्तदाब आटोक्यात आल्यावर प्लेटलेट्स, एलडीएच, क्रिएटिनिन सुधारतात की नाही. नुसत्या रक्तदाबाचा टीएमए असेल तर पेशी फुटणं सहसा लवकर थांबतं. ते थांबलं नाही, किंवा किडनी बसतच गेली, तर कॉम्प्लिमेंटचा विचार जोरात करावा लागतो.

त्यातली गोम अशी की "हा रक्तदाबाचाच" म्हणून सोडून दिलेल्या रुग्णांची जनुकं तपासली, तर काहींत कॉम्प्लिमेंटचे दोष निघाले आहेत. रक्तदाब हा बऱ्याचदा ठिणगी असतो, दारू आधीपासून भरलेली असते.

कोवळं_ऊन

कॉम्प्लिमेंट म्हणजे काय, हे कुणी साध्या भाषेत सांगेल का? माझ्या चुलत बहिणीला मेंब्रेनस आहे, तिच्या फाइलमध्येही सी३, सी४ असतं. पण आम्हाला कुणी समजावलेलं नाही.

रानवाटा

मी सांगते, चुकलं तर सूक्ष्मदर्शक दुरुस्त करतील. रक्तात काही प्रथिनं जंतूंना मारण्यासाठी तयार असतात, ती सगळी मिळून कॉम्प्लिमेंट. त्याचा एक मार्ग, ज्याला अल्टरनेटिव्ह पाथवे म्हणतात, तो कधीच पूर्ण बंद नसतो. मंद आचेवर ठेवलेल्या दुधासारखा सतत तापत असतो. उतू जाऊ नये म्हणून शरीराने पहारेकरी ठेवलेत : फॅक्टर एच, फॅक्टर आय, आणि पेशींच्या पृष्ठभागावरचं एमसीपी. यातला एखादा जन्मतः कमकुवत असेल, किंवा सी३ आणि फॅक्टर बी हे घटकच जास्त आक्रमक असतील, तर संसर्ग, बाळंतपण, शस्त्रक्रिया अशा निमित्ताने सगळं हाताबाहेर जातं. मार रक्तवाहिन्यांच्या अस्तराला बसतो, आणि तो सगळ्यात जास्त किडनीत.

माझ्या बाबतीत निमित्त बाळंतपण ठरलं. फॅक्टर एचमधला तोच बदल माझ्या आईतही आहे, तिला आजवर काही झालेलं नाही. जनुकात बदल असलेल्यांपैकी साधारण निम्म्यांनाच आजार होतो असं मला सांगितलं गेलं.

सूक्ष्मदर्शक

उत्तम सांगितलंत, दुरुस्ती नाही. भर घालतो. फॅक्टर एच आणि या आजाराचं जनुकीय नातं १९९८ पासून पक्कं माहीत आहे. तरीही आज सगळी माहितीची जनुकं तपासून साधारण अर्ध्या ते साठ टक्के रुग्णांतच काही सापडतं. जनुकांचा रिपोर्ट कोरा आला म्हणून एएचयूएस नाही असं होत नाही. सी३ नॉर्मल आला तरी नाही.

आणि पानगळताईंच्या शीर्षकातल्या प्रश्नाकडे यायचं तर, आयजीए नेफ्रोपॅथीतही कॉम्प्लिमेंटचा हाच अल्टरनेटिव्ह पाथवे पेटलेला असतो. म्हणजे दोन आजारांची मुळं एकाच मातीत आहेत. माझं मत असं : बहुतेक रुग्णांत जन्मजात कमकुवत पहारा ही एक गोष्ट, आणि ग्लोमेरुलसचा जुना आजार ही त्यावर सतत चोळली जाणारी काडी. एकट्याने जे झालं नसतं ते दोघांनी मिळून होतं. हे प्रत्येक रुग्णात सिद्ध करता येत नाही, पण ज्यांच्यात दोन्ही सापडतात त्यांना मी योगायोग म्हणून सोडत नाही.

निरगुडी

माझ्या मुलीला एएचयूएस झाला तेव्हा ती शाळेत होती. तिच्यात जनुकीय बदलापेक्षा फॅक्टर एचविरुद्ध अँटिबॉडी सापडली. शाळकरी वयात हा प्रकार जास्त दिसतो. उपचारही वेगळे पडतात : प्लाझ्मा एक्स्चेंज लवकरात लवकर, सोबत स्टिरॉइड आणि अँटिबॉडी बनणं दाबणारी औषधं. तिचं क्रिएटिनिन आज नॉर्मल आहे, अँटिबॉडीची पातळी मात्र अधूनमधून तपासतो. पानगळ, तो रिपोर्ट आल्याशिवाय पुढच्या सगळ्याची घाई करू नका, पण प्लाझ्मा थांबवूही देऊ नका.

सूक्ष्मदर्शक

निरगुडीताईंच्या मुलीच्या प्रकारात बहुतेकदा सीएफएचआर१ आणि सीएफएचआर३ ही दोन शेजारची जनुकं दोन्ही प्रतींतून गायब असतात. गंमत वाटावी अशी गोष्ट म्हणजे हीच जनुकं गायब असणं आयजीए नेफ्रोपॅथीपासून संरक्षण देतं, असं मोठ्या जनुकीय अभ्यासात दिसलंय. एकाच प्रणालीतला एकच बदल एका आजाराचं दार उघडतो आणि दुसऱ्याचं लोटतो. मला हे वाचून अजूनही थक्क व्हायला होतं.

तळटीप

मला थोडा विरोधी सूर लावायचाय, राग मानू नये. माझ्या पत्नीला ल्युपस नेफ्रायटिस आहे. तिच्या बायोप्सीतही टीएमए निघाला आणि लगेच एएचयूएसची चर्चा सुरू झाली. पुढे अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडी पॉझिटिव्ह आल्या आणि रक्त पातळ करणाऱ्या औषधाने, ल्युपसच्या उपचाराने चित्र बदललं. ग्लोमेरुलसच्या आजारात दिसलेल्या प्रत्येक टीएमएला एएचयूएस म्हणू लागलो तर लोक अतिशय महागड्या औषधाच्या मागे धावतील आणि मूळ आजार बाजूला राहील. अनेक डॉक्टर याला दुय्यम टीएमए म्हणतात आणि मला ते जास्त पटतं.

सूक्ष्मदर्शक

तळटीप, तुमचा मुद्दा रास्त आहे आणि तज्ज्ञांमध्येही त्यावर एकमत नाही. दुय्यम टीएमएत मूळ कारणावर उपचार केले की बरेचजण सुधारतात. पण उलट्या बाजूची चूक जास्त महाग पडते असं मला वाटतं. "जुनाच आजार भडकला" म्हणून फक्त स्टिरॉइड देत राहायचं, आणि तोवर कॉम्प्लिमेंट किडनी संपवत असतो. सी५ हा कॉम्प्लिमेंटच्या शेवटच्या टप्प्यातला घटक रोखणारं औषध जितक्या लवकर सुरू होतं तितकी किडनी जास्त परत मिळते, हे त्या औषधाच्या चाचण्यांतून स्पष्ट दिसलं. त्यामुळे रुग्ण झपाट्याने घसरत असेल, अ‍ॅडॅम्ट्स-१३ दहा टक्क्यांच्या वर असेल म्हणजे टीटीपी नसेल, आणि दुसरं ठोस कारण हाती नसेल, तर अनेक केंद्रं औषध आधी सुरू करतात आणि प्रतिसाद बघून पुढचं ठरवतात.

उंबरठा

मला सी३ ग्लोमेरुलोपॅथी आहे, म्हणजे कॉम्प्लिमेंटचीच दुसरी तऱ्हा. यात बिघाड मुख्यतः रक्ताच्या द्रवात होतो आणि सी३ चे तुकडे ग्लोमेरुलसमध्ये साचत जातात. एएचयूएसमध्ये मारा पेशींच्या पृष्ठभागावर होतो. जनुकं बरीचशी तीच. काही रुग्णांत दोन्ही दिसतात, एकातून दुसऱ्याकडेही गेलेले आहेत. इथे लिहायचं कारण असं की सी५ वरचं औषध एएचयूएसमध्ये जितकं भरवशाचं आहे तितकं सी३ ग्लोमेरुलोपॅथीत नाही. आमच्यात फॅक्टर बी रोखणारी इप्टाकोपॅन ही गोळी अमेरिकेत मार्च २०२५ मध्ये मान्य झाली. आयजीए नेफ्रोपॅथीसाठी तिला तिथेच २०२४ मध्ये मान्यता मिळाली होती. एएचयूएससाठी तिच्या चाचण्या झाल्या आहेत, पण पानगळताई, आत्ताच्या घडीला भावासाठी सी५ चंच औषध विचारा.

पानगळ

अँटिबॉडीचा रिपोर्ट निगेटिव्ह आला. रक्तदाब १३०/८० वर आहे, तरी एलडीएच अजून ९०० आणि क्रिएटिनिन ५ च्या वर. प्लाझ्माने प्लेटलेट्स थोड्या वर आल्या आणि पुन्हा खाली. डॉक्टर एक्युलिझुमॅब, म्हणजे ते सी५ रोखणारं औषध, सुरू करणार आहेत. जनुकांचं रक्त गेलंय, त्याला वेळ लागेल म्हणाले. या औषधाबद्दल काय काळजी घ्यायची?

रानवाटा

माझं हेच चालू आहे, आता लांबवलेलं रूप, रॅव्ह्युलिझुमॅब. एक्युलिझुमॅब सुरुवातीला दर आठवड्याला आणि मग दर दोन आठवड्यांनी शिरेतून देतात. रॅव्ह्युलिझुमॅब मोठ्यांना दर आठ आठवड्यांनी.

सगळ्यात मोठा धोका मेनिंगोकॉकस या मेंदूज्वराच्या जंतूचा. सी५ बंद केल्यावर या जंतूशी लढायचं मुख्य हत्यारच जातं आणि धोका हजार ते दोन हजारपटीपर्यंत वाढतो. लस औषधाच्या दोन आठवडे आधी घ्यावी असा नियम आहे, एसीवायडब्ल्यू आणि बी अशा दोन्ही प्रकारची. पण तुमच्यासारखी तातडी असेल तर लस देऊन औषध लगेच सुरू करतात आणि सोबत प्रतिजैविक ठेवतात. लस घेतली म्हणजे निर्धास्त, असं बिलकुल नाही. ताप, मान आखडणं, जोराची डोकेदुखी, अंगावर जांभळे डाग, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघायची नाही. रुग्णाला एक कार्ड मिळतं, ते कायम खिशात हवं. मी फोनच्या कव्हरमध्येही एक प्रत ठेवते.

आणि प्लाझ्मा चालू असेल तर औषध त्या दिवशी प्लाझ्मानंतर द्यायला सांगा. आधी दिलं तर प्लाझ्माबरोबर निघून जातं.

सूक्ष्मदर्शक

यात ग्लोमेरुलसच्या रुग्णांसाठी एक खास बाब आहे. ती सहज नजरेतून सुटते. एक्युलिझुमॅब ही अँटिबॉडी आहे, म्हणजे प्रथिनच. लघवीतून प्रथिनं फार जात असतील तर त्यांच्यासोबत औषधही गळतं. नेफ्रोटिक, म्हणजे फार मोठ्या, प्रमाणात गळती असलेल्या रुग्णांत ठरलेला डोस अपुरा पडल्याची उदाहरणं आहेत. म्हणून सीएच५० ही, कॉम्प्लिमेंट किती काम करतोय ते दाखवणारी, तपासणी मागा. औषध पूर्ण काम करत असेल तर ती अगदी तळाला असते. दोन डोसांच्या मध्ये ती वर आली तर औषध पुरत नाहीये.

आयजीएचे उपचारही सोडायचे नाहीत. प्रथिनांची गळती कमी करणारी गोळी किडनी किती बसलीय ते बघून डॉक्टर कधी थांबवतील, कधी सुरू करतील, ते त्यांच्यावर सोडा. प्लेटलेट्स कमी दिसल्या म्हणून रक्तस्राव नसताना प्लेटलेट्स चढवू नयेत, हेही नातेवाइकांना माहीत असलेलं बरं, कारण गुठळ्यांना खाद्य मिळू शकतं.

कोवळं_ऊन

हे औषध जन्मभर घ्यावं लागतं का?

रानवाटा

आधी तसंच मानायचे. २०२१ मध्ये एका फ्रेंच अभ्यासाचे निष्कर्ष आले. ५५ रुग्णांचं औषध देखरेखीखाली थांबवलं, त्यातल्या १३ जणांना, म्हणजे २३ टक्क्यांना, आजार पुन्हा आला. जनुकात बदल असलेल्यांत धोका जास्त. बहुतेकांना औषध परत सुरू केल्यावर पूर्वीची स्थिती मिळाली, सगळ्यांना नाही. म्हणून माझ्या डॉक्टरांनी माझं थांबवलेलं नाही. ज्यांचं थांबवतात ते घरी लघवीची पट्टी आणि रक्तदाब बघतात, आणि सर्दी-ताप आला की रक्त तपासतात. ज्यांना आयजीए आहे त्यांची पट्टी मात्र एरवीही पॉझिटिव्ह असते, तेव्हा त्यांनी फक्त पट्टीवर विसंबू नये, प्लेटलेट्स आणि एलडीएच बघावं.

तळटीप

पानगळताई, माझा सूर तुम्हाला औषधापासून थांबवण्याचा नव्हता. रक्तदाब उतरूनही पेशी फुटत आहेत म्हटल्यावर मलाही हाच निर्णय योग्य वाटतो. पहिला डोस झाला की कळवा.

पानगळ

डोस झालेत. प्लेटलेट्स १,७०,००० वर आहेत आणि टिकल्या आहेत. एलडीएच नॉर्मलच्या जवळ. प्लाझ्मा बंद केला. क्रिएटिनिन ३.१, हळूहळू उतरतंय, डायलिसिस टळलं. डॉक्टर म्हणतात काही महिने सुधारणा होऊ शकते, पण जुन्या आजाराने झालेली इजा परत येणार नाही. सीएच५० तुमच्या सांगण्यावरून विचारली, तळाला आहे. सगळ्यांचे मनापासून आभार.

आता एक धास्ती बोलून टाकते. पुढे कधी किडनी बदलायची वेळ आली तर द्यायला मी तयार आहे, हे मी त्याला आधीच सांगितलंय. पण रानवाटा, तुमच्या आईचं वाचल्यापासून झोप नाही. तो बदल माझ्यातही असेल तर?

रानवाटा

तयारी दाखवलीत हेच केवढं. पण जनुकांचा रिपोर्ट येईपर्यंत हा निर्णय बाजूला ठेवा. भावात काही सापडलं तर तुमची तपासणी नेमक्या त्याच बदलासाठी होईल. तो तुमच्यात निघाला तर तुम्ही दाता होऊ नये. किडनी काढण्याची शस्त्रक्रिया तुमच्यासाठीच निमित्त ठरू शकते, आणि भावालाही तोच दोष असलेली किडनी मिळेल.

सूक्ष्मदर्शक

कोणतं जनुक यावर पुष्कळ अवलंबून आहे. फॅक्टर एच यकृतात बनतो, त्यामुळे नवी किडनी बसवली तरी दोष रक्तात राहतो आणि औषधाचं संरक्षण नसेल तर आजार परतण्याचा धोका मोठा. एमसीपी पेशींवरच असतं, म्हणून निरोगी दात्याची किडनी स्वतःचा पहारा घेऊनच येते आणि आजार परतणं विरळ. आयजीएचे साठे नव्या किडनीतही पुन्हा दिसू शकतात, ते वेगळं लक्षात ठेवायचं. आणि प्रत्यारोपणानंतर बहुतेकांना टॅक्रोलिमस लागतं, जे स्वतः टीएमए करू शकतं, म्हणून त्या टीमला हे पहिलं निदान नेमक्या शब्दांत कळलं पाहिजे. बायोप्सीचा रिपोर्ट, उपचारापूर्वीचा स्मिअर, अ‍ॅडॅम्ट्स-१३ आणि सी३ चे कागद एका जागी जपून ठेवा. बायोप्सीच्या काचपट्ट्या आणि मेणात बसवलेल्या तुकड्यांचे ब्लॉक पॅथॉलॉजी विभागातून मागता येतात, दुसरं मत घ्यायचं झालं तर तेच लागतील.

पानगळ

कागद आजच एकत्र करते. जनुकांचा रिपोर्ट आला की याच धाग्यावर लिहीन.